जुन्या सहा सिलिंडर इंजिनासाठी कार्ब्युरेटर : निवड आणि जुळवणी

जुन्या सहा सिलिंडर गाडीचा पिकअप पडला, पेट्रोल जास्त लागू लागले किंवा आयडलिंगला इंजिन बंद पडू लागले, की पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो, आणि पुष्कळदा तो चुकीचा निघतो. म्हणून वेगळा कार्ब्युरेटर शोधायला निघण्यापूर्वी इंजिनाची अवस्था पाहून घ्यावी. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे, टॅपेट सेट करावेत, प्लग, पॉइंट आणि टायमिंग तपासावे, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडावा. निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवते आणि काटा स्थिर राहतो. काटा ठरावीक लयीने खाली झटका खात असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे समजावे. तो स्थिर पण एकंदरच खाली असेल, तर टायमिंग मागे पडले आहे किंवा कुठून तरी हवा आत शिरते आहे. यांपैकी एकही दोष नव्या कार्ब्युरेटरने जात नाही.

जुन्या कार्ब्युरेटरचीही एकदा नीट पाहणी करावी. थ्रॉटलच्या शाफ्टचे टोक बोटांत धरून वर-खाली हलवावे. स्पष्ट खेळ लागला, तर तेथून हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी आयडलिंग टिकत नाही. मात्र बॉडी वाकलेली किंवा तडकलेली नसेल, तर बुश, नीडल व्हॉल्व्ह, डायफ्रॅम आणि गॅस्केट बदलून तोच कार्ब्युरेटर पुन्हा चांगला चालतो. गाडी शांतपणे चालवायची असेल आणि मूळ कार्ब्युरेटर दुरुस्त होण्याजोगा असेल, तर तोच ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. बदलण्याचा विचार करावा तो सुटे भाग मिळत नसतील तर, बॉडीच निकामी झाली असेल तर, किंवा कॅमशाफ्ट, हेड आणि एक्झॉस्ट बदलल्यामुळे इंजिनाची हवेची गरज खरोखर वाढली असेल तर.

हवेचा हिशेब

चार स्ट्रोकचे इंजिन क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एकदा, तत्त्वतः, स्वतःच्या क्षमतेइतकी हवा ओढते. ४.१ लिटरचे, म्हणजे २५० घनइंचांचे इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर ४.१ गुणिले ४५०० भागिले २, म्हणजे मिनिटाला ९२२५ लिटर, अथवा सुमारे ३२६ घनफूट हवा झाली. प्रत्यक्षात जुन्या इंजिनाचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८० टक्के धरले तर गरज सुमारे २६० घनफुटांवर येते. हाच हिशेब २२०० फेऱ्यांसाठी करून पाहिला, तर पूर्ण थ्रॉटललासुद्धा जेमतेम १२७ घनफूट हवा लागते, आणि रस्त्यावर अशा गाडीचे बहुतेक आयुष्य याच टप्प्यात आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर जाते. कार्ब्युरेटर निवडायचा तो या दुसऱ्या आकड्याकडे डोळा ठेवून. पहिला आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो.

याचे कारण व्हेंचुरीच्या कामात आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधले पेट्रोल मेन जेटमधून वर ओढले जाते. गळा गरजेपेक्षा मोठा असेल तर हवेचा वेग पडतो, ओढ क्षीण होते, पेट्रोल उशिरा आणि जाड थेंबांनी येते, आणि सरळ रेषेतल्या सहा सिलिंडर इंजिनाच्या लांब मॅनिफोल्डमध्ये ते थेंब वाटेतच भिंतींना चिकटतात. चालकाला हे जाणवते ते असे, की पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरते आणि मग एकदम सुटते. लहान कार्ब्युरेटर फक्त शेवटच्या हजार फेऱ्यांत थोडी ताकद खातो. मोठा कार्ब्युरेटर रोज, प्रत्येक चौकात त्रास देतो.

आकड्यांची तुलना करताना एक गोम ध्यानात ठेवावी. अमेरिकन पद्धतीत चार बॅरलच्या, म्हणजे हवेच्या चार वाटा असलेल्या, कार्ब्युरेटरचा प्रवाह पाऱ्याच्या १.५ इंच दाबफरकावर मोजला जातो, तर एक आणि दोन बॅरलच्यांचा ३ इंचांवर. दाबफरक दुप्पट केला की प्रवाह सुमारे १.४१ पट दिसतो. म्हणून ३५० घनफुटांचा म्हणून विकला जाणारा डबल बॅरल कार्ब्युरेटर चार बॅरलच्या मापाने सुमारे २४७ घनफुटांचाच ठरतो, आणि आपल्या ४.१ लिटरच्या उदाहरणाला तो मोठा नव्हे, तर योग्य आहे. हा फरक ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण त्याला धास्तावून नाकारतात.

दुसरी गोम सहा सिलिंडर इंजिनाच्या लयीत आहे. येथे दर १२० अंशांनी एका सिलिंडरचा सक्शन स्ट्रोक सुरू होतो आणि इनटेक व्हॉल्व्ह २४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ उघडा राहतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी साधारण दोन सिलिंडर हवा ओढत असतात आणि एकट्या कार्ब्युरेटरमधून प्रवाह जवळजवळ अखंड वाहतो. याउलट प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र बॅरल दिला, तर तो दोन फेऱ्यांत एकदाच घोट घेतो आणि उरलेला वेळ जवळपास रिकामा असतो. म्हणूनच २.४ लिटरच्या इंजिनावर वेबर ४० डीसीओई जातीचे तीन कार्ब्युरेटर, म्हणजे ३० मिलिमीटरच्या सहा व्हेंचुरी, बिनतक्रार चालतात. २६ आणि २७ मिलिमीटरच्या व्हेंचुरी असलेल्या वेबर ३२/३६ डीजीव्हीच्या तुलनेत त्यांचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ चौपट भरते, पण त्यावरून चौपट हवा वाहते असा निष्कर्ष काढू नये.

कोणत्या घडणीचा घ्यावा

एकाच भोकाच्या मॅनिफोल्डवर, तीन लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी, क्रमाने उघडणारा डबल बॅरल कार्ब्युरेटर ही सर्वांत समंजस निवड आहे. नेहमीच्या चालण्यात लहान प्राथमिक बॅरल एकटा काम करतो, हवेचा वेग टिकतो, आणि पॅडल दोन-तृतीयांशापलीकडे गेल्यावर दुसरा बॅरल उघडतो. वेबर ३२/३६ याच जातीचा. नावातले आकडे थ्रॉटलचा व्यास सांगतात, व्हेंचुरीचा नव्हे. साडेतीन ते सव्वाचार लिटरच्या इंजिनाला दोन्ही बॅरल एकदम उघडणारा, उदाहरणार्थ वेबर ३८ डीजीएएस किंवा वर सांगितलेला ३५० चा डबल बॅरल, अधिक शोभतो. एक बॅरल सोडून दोन घेतल्याने किती फरक पडतो याचा अंदाज क्रायस्लरच्या २२५ घनइंचांच्या तिरक्या सहा सिलिंडर इंजिनावरून येईल : १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला वेगळे मॅनिफोल्ड आणि कार्टर बीबीडी हा डबल बॅरल कार्ब्युरेटर दिला, तेव्हा कागदावरची ताकद १०० वरून ११० अश्वशक्तीवर गेली. यापेक्षा मोठ्या चमत्काराची अपेक्षा धरू नये.

एसयू आणि स्ट्रॉमबर्ग या जातींत व्हेंचुरी ठरावीक मापाची नसते. हवेच्या मागणीप्रमाणे पिस्टन वर-खाली होतो आणि निमुळती सुई पेट्रोल मोजून देते. ज्या इंजिनाला मुळात असे दोन कार्ब्युरेटर होते, त्याला ते काढून दुसरे काही बसवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. पिस्टन हाताने उचलून सोडला असता तो अडखळल्याशिवाय खाली येऊन टक असा आवाज करतो का, पिस्टनचा झटका मंद करणाऱ्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का, आणि दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, एवढे पाहिले तरी निम्म्या तक्रारी मिटतात. कार्ब्युरेटरची संख्या वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. ऑस्टिन-हीली ३००० च्या मार्क २ या १९६१ च्या आवृत्तीला तीन एसयू दिले होते. त्यांचा मेळ राखणे अवघड पडत असे, आणि १९६२ मध्ये कारखाना पुन्हा दोनांवर आला.

अ‍ॅडाप्टर : खरे काम येथे आहे

मॅनिफोल्डचे भोक एका बॅरलचे आणि नवा कार्ब्युरेटर दोन बॅरलचा, ही नेहमीची अडचण. काही इंजिनांत मॅनिफोल्ड बदलून ती सुटते. १९६० च्या दशकातल्या फोर्ड फाल्कनच्या सहा सिलिंडर इंजिनात मात्र इनटेक मॅनिफोल्ड सिलिंडर हेडबरोबर एकाच ओतकामात असल्याने अ‍ॅडाप्टर बसवणे किंवा हेड उतरवून मशिनिंग करणे हेच मार्ग उरतात. अ‍ॅडाप्टर घेण्यापूर्वी मॅनिफोल्डच्या स्टडमधले अंतर, भोकाचा व्यास आणि स्टडची लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावी. बॉनेटखाली किती जागा आहे हे पाहायचे असेल, तर एअर क्लीनरवर मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळू बंद करावे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. अ‍ॅडाप्टर, दोन गॅस्केट आणि नवा कार्ब्युरेटर यांची उंची जुन्यापेक्षा जितकी वाढेल, ती या जाडीत मावली पाहिजे, आणि इंजिन माउंटिंगवर हलते म्हणून वर बोटभर जागा शिल्लक राहिली पाहिजे.

अ‍ॅडाप्टर हातात आल्यावर त्याच्या खाली आणि वर गॅस्केट धरून उजेडाकडे आरपार पाहावे, मग आतून बोट फिरवावे. जेथे बोटाला पायरी लागते, तेथे पेट्रोल साचणार. दोन बॅरलमधून येणारा प्रवाह एका भोकात उतरताना उतार जितका लांब आणि गुळगुळीत, तितके मिश्रण चांगले टिकते. अगदी पातळ पट्टीत तो उतार बसतच नाही. पायरी कानशीने घासून काढावी, पण भिंत आरशासारखी चकचकीत करू नये, कारण थोडी खरखरीत भिंत पेट्रोलचा थर मोडायला मदतच करते. त्यानंतर कार्ब्युरेटर अ‍ॅडाप्टरवर ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडावा. खाली उतरणारी झडप कडेला घासत असेल, तर ती एखाद्या दिवशी उघड्या अवस्थेतच अडकेल, आणि तो प्रसंग फार वाईट असतो.

दिशाही महत्त्वाची आहे. अर्धवट उघडलेली थ्रॉटलची झडप मिश्रण एका बाजूला वळवते. थ्रॉटलचा शाफ्ट क्रँकशाफ्टला समांतर ठेवला, तर हे वळण इंजिनाच्या आडव्या दिशेने होते आणि पुढचे तीन व मागचे तीन सिलिंडर सारखे राहतात. शाफ्ट आडवा ठेवला, तर एका टोकाला मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) आणि दुसऱ्या टोकाला पातळ (पेट्रोल कमी) जाण्याचा धोका असतो. कधी लिंकेजच्या सोयीसाठी या नियमाला मुरड घालावी लागते, पण ती जाणूनबुजून घातलेली असावी.

एक अनुभव सांगतो. नवा कार्ब्युरेटर बसवल्यावर आयडलिंग काही केल्या स्थिर होईना, म्हणून मी पूर्ण दोन दिवस जेट बदलत राहिलो. शेवटी सगळे उतरवून अ‍ॅडाप्टरवर स्टीलची पट्टी आडवी धरली, तेव्हा दिसले, की त्याच्या एका बसक्या स्क्रूचे डोके अर्धा मिलिमीटर वर राहिले होते. कार्ब्युरेटर त्या डोक्यावर टेकला होता आणि समोरच्या कोपऱ्यातून हवा आत जात होती. तेव्हापासून मी पट्टी आधी धरतो. बसवल्यावर गळती शोधायची असेल, तर सांध्यावर ब्रशने थोडे जाड इंजिन ऑइल लावावे. फेऱ्या बदलल्या तर गळती तेथेच आहे. ज्वलनशील फवारा वापरू नये, कारण सरळ सहा सिलिंडर इंजिनात बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अगदी खाली तापलेले असते.

त्या उष्णतेचे दोन चेहरे आहेत. मॅनिफोल्डचा तळ एक्झॉस्टने गरम राहतो म्हणूनच थंड हवेत पेट्रोलची वाफ होते आणि टोकाच्या सिलिंडरपर्यंत मिश्रण पोहोचते; ती वाट बंद केली तर दमट, गार हवेत व्हेंचुरीत बर्फही धरतो. उलट गरम इंजिन बंद केल्यावर तीच उष्णता वर चढून फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळवते आणि गाडी पुन्हा चालू व्हायला त्रास देते. म्हणून मॅनिफोल्डची उष्णता तशीच ठेवून कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा स्पेसर घालावा.

व्हॅक्यूम, पेट्रोल आणि लिंकेज

डिस्ट्रिब्युटरला जाणारी नळी जेथे जागा दिसेल तेथे खुपसणे ही फार पसरलेली चूक आहे. थ्रॉटलच्या किंचित वरच्या छिद्रातून आयडलिंगला व्हॅक्यूम मिळत नाही, पॅडल दाबल्यावर मिळतो. मॅनिफोल्डच्या छिद्रातून तो आयडलिंगलाच पूर्ण मिळतो. मूळ व्यवस्था कोणती होती ते पाहून तशीच जोडावी. काही जुन्या इंजिनांत तर डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर ही जोडीच असते. १९६० च्या दशकातल्या फोर्डच्या सहा सिलिंडर इंजिनांतला लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्युटर फेऱ्यांबरोबर बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांवर चालत नाही. त्याचा सगळा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पाडणे, व्हॅक्यूमवर अवलंबून असतो आणि तो व्हॅक्यूम व्हेंचुरी व थ्रॉटल या दोन ठिकाणांहून मिसळून येतो. अशी सोय नसलेला कार्ब्युरेटर लावला की टायमिंग बिघडते आणि दोष जेटवर जातो. तेथे वजने आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्युटर बरोबरच बसवावा.

पेट्रोलचा दाब गेजने मोजावा. वेबरच्या नीडल व्हॉल्व्हला दर चौरस इंचाला २.५ ते ३.५ पौंड पुरतात, तर अनेक अमेरिकन यांत्रिक पंप ५ ते ६ देतात. मग पेट्रोल व्हॉल्व्हला ढकलून वर येते आणि प्लग काळे पडतात. येथे रेग्युलेटर हवा. नळी पेट्रोलसाठीचीच घ्यावी, एक्झॉस्टपासून दूर न्यावी, आणि काम चालू असताना आग विझवण्याचे उपकरण हाताशी ठेवावे.

पॅडल एकाने पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने झडप खरोखर उभी होते का ते वरून पाहावे. पुष्कळ गाड्या आयुष्यभर तीन-चतुर्थांश थ्रॉटलवरच धावतात. परतीच्या स्प्रिंगा दोन असाव्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर त्याची थ्रॉटल केबल किंवा किकडाउनचा रॉड नव्या लिव्हरवर मूळ इतकाच प्रवास करतो याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, कारण काही गिअरबॉक्समध्ये आतला तेलाचा दाब याच केबलवर ठरतो आणि ती ढिली राहिली तर क्लच जळतात. इलेक्ट्रिक चोकची वायर इग्निशन स्विचवरून घ्यावी, कॉइलवरून कधीच नाही.

ट्यूनिंग

क्रम मोडू नये : आधी फ्लोटची पातळी, मग आयडलिंग, मग मधला टप्पा, शेवटी मेन जेट. वेबर डीजीव्हीसाठी आयडलिंगचा स्पीड स्क्रू लिव्हरला टेकल्यापासून अर्धा ते एक आटा, फार तर दीड आटा आत असावा, आणि मिक्स्चर स्क्रू बंद करून दोन आटे उघडावा. इंजिन गरम असताना मिक्स्चर स्क्रू सावकाश आत घ्यावा, फेऱ्या पडू लागल्या की हळूच बाहेर काढत सर्वांत गुळगुळीत चालीवर थांबावे. हा बिंदू अडीच आट्यांपलीकडे आला तर आयडल जेट लहान आहे, दीडाच्या आत आला तर मोठा. स्पीड स्क्रू जास्त आत घ्यावा लागत असेल, तर झडप संक्रमणाच्या, म्हणजे आयडलिंगवरून मेन जेटकडे जाताना पेट्रोल देणाऱ्या, छिद्रांवर उघडी राहते, ती छिद्रे आयडलिंगलाच खर्ची पडतात, आणि पॅडलला स्पर्श करताच इंजिन अडखळते. हे अडखळणे लोक अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या नावावर घालतात. इंजिन बंद ठेवून, घशात पाहत थ्रॉटल हलवावा. पेट्रोलची धार त्याच क्षणी सुरू झाली, तर पंप निर्दोष आहे.

मेन जेटसाठी सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना हाताचा चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर असेल तर अंदाज संपतो : स्थिर चालीत हवा-पेट्रोल प्रमाण १४.५ ते १५.५ आणि पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ असावे. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १४.१ असते, त्यामुळे जुन्या पुस्तकातला जेट अशा पेट्रोलवर किंचित पातळ पडतो. दीड हजार मीटर उंचीवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते आणि तेथे उलट, मिश्रण जाड होते.

सहाही प्लग काढून क्रमाने पुठ्ठ्यावर मांडावेत. एक आणि सहा पांढुरके, तीन आणि चार काळसर दिसले, तर तो जेटचा दोष नसून मॅनिफोल्डमधल्या वाटपाचा आहे. अशा वेळी अ‍ॅडाप्टरचा उतार, शाफ्टची दिशा आणि मॅनिफोल्डची उष्णता पुन्हा पाहावी. ते जमेपर्यंत पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण सर्वांत पातळ सिलिंडरला सोसेल असेच ठेवावे, कारण जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोड्या जास्त पेट्रोलपेक्षा महाग पडतो.

नवी गॅस्केट उष्णतेने दबतात. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, अ‍ॅडाप्टरचे आणि कार्ब्युरेटरचे नट कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे पुन्हा आवळावेत, आणि शेवटी बसवलेल्या जेटचे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला एका चिठ्ठीवर लिहून लावावेत.